दोन्ही कान शाबूत असलेली कढई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आज पार्सलची सुतळी सोडताना आपली मागच्या दाराची पायरी आठवली. शनिवारी शाळा अर्धी असायची. गणवेश न बदलताच आपण दोघी त्या पायरीवर बसायचो. तुझ्या हातात उलथनं, माझ्या हातात चमचा आणि मध्ये आईची कढई. टोमॅटोचा जाम बरण्यांत भरून झाला की कढई आपली. तळाचा करपट, चिकट थर तू खरवडायचीस आणि मला अर्ध्याहून कमी द्यायचीस. हो, कमीच द्यायचीस, आता कबूल कर. अंगणापलीकडे प्रेसच्या शेडमध्ये अण्णा छपाईचे झिजलेले खिळे वितळवत असायचे. त्या राखाडी अक्षरांचं बघता बघता चकचकीत पाणी व्हायचं. "लांब बसा गं, धूर खाऊ नका," ते ओरडायचे. तू तोंड भरलेलं असतानाच सांगायचीस, "आम्ही जाम खातोय, अण्णा!"

एका सोमवारी माझ्या फ्रॉकवरचा लाल डाग बघून कॉन्व्हेंटच्या सिस्टर घाबरल्या आणि मला उचलून शाळेच्या दवाखान्यात घेऊन निघाल्या. तू वर्गाच्या खिडकीतून ओरडलीस, "सिस्टर, रक्त नाही, टोमॅटो आहे!" आपल्या दोघींना सारखीच शिक्षा झाली. मला डागाची, तुला ओरडण्याची. हे आठवणारं आता आपल्या दोघींखेरीज कोणी उरलेलं नाही.

तू पाठवलेली जामची बरणी न फुटता पोचली. रंग नेहमीसारखा गडद आहे. चवीचं काय सांगू? तुझ्या हाताला तोड नाही.

फोन करणार होते. पण तुला ऐकू येत नाही, मग तुझा मुलगा मध्ये बसून माझं वाक्य तुझ्या कानात ओरडतो. बहिणींच्या गप्पा अशा जाहीर सभेसारख्या होत नाहीत. त्यापेक्षा सिस्टरनी शिकवलेलं पत्रच बरं. उजवीकडे तारीख, डावीकडे समास.

तुझ्या नातवाचं, ढब्बूचं पोट आता कसं आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की तो जेवत नाही आणि सारखा चिडचिड करतो. चार वर्षांचं पोर आहे, होतं असं. माझ्याकडे अण्णांच्या खिळ्यांचा एक डबा अजून आहे. त्याला अक्षरं यायला लागली की तो देईन म्हणते.

तुझी,
धाकटी

*

२० फेब्रुवारी

प्रिय पूर्णविराम,

अण्णांनी तुला हे नाव ठेवलं ते चुकलंच. तू कुठेच थांबत नाहीस. खरवडीचा हिशेब पन्नास वर्षांनी काढतेस! तुला कमी द्यायचे, कारण तू सगळं फ्रॉकला पुसायचीस.

ढब्बू आता नावाचाच ढब्बू राहिला आहे. पोट सारखं दुखतं, शौचाला होत नाही, रंग उतरला आहे. बोलायला छान लागला होता, गेल्या महिन्याभरात शब्द विसरायला लागला. "आजी, ते दे" म्हणतो आणि बोट दाखवतो. 'ते' म्हणजे काय ते त्यालाच आठवत नाही. मुलांच्या डॉक्टरीणबाई हुशार आहेत. त्यांनी रक्ताची एक वेगळीच तपासणी करायला लावली. धाकटे, त्याच्या रक्तात शिसं निघालं. आकडा एकतीस. मी विचारलं, "किती असायला हवं?" त्या म्हणाल्या, "आजी, असायलाच नको."

औषधापेक्षा आधी ते कुठून येतं ते शोधा, असं त्यांनी सांगितलं. मग आरोग्य खात्याची दोन माणसं आली. केस वाळवायचं यंत्र असतं ना, तसलं काहीतरी हातात धरून भिंतींना, नळाला, खेळण्यांना लावत होती. रोजची भांडी तपासली. सगळी साफ. मला तर स्वयंपाकघराची परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. पण ढब्बूच्या खाटेला यंत्र लावलं आणि ते ओरडायला लागलं. सूनबाईच्या माहेरची जुनी हिरवी खाट. तीच लहानपणी तिच्यावर झोपलेली. रंगात शिसं आहे म्हणे, थोडं आहे, पण आहे. खाट तशीच बाहेर गेली.

मी तिला काही बोलले नाही. पण चेहरा काही लपत नाही, तुला माहीत आहे. आणि तुझा भाचा बोलला. "तुला हौस, आईची खाट हवी!" ती म्हणाली, "खाटेला त्याने दात लावलेले मी कधी बघितले नाहीत." चित्रकला शिकवते ना शाळेत, तिच्या रंगांच्या ट्यूबाही मुलाने कचऱ्यात टाकल्या. त्या यंत्राने साफ ठरवल्या होत्या तरी.

अण्णांच्या घरात आपण शिशाच्या ढिगावर खेळलो आणि धडधाकट राहिलो. या पोराच्या नशिबी हे का, सांग.

जाम मात्र अजून आवडीने खातो. तेवढाच पोटात जातो. तू बरणी उघडलीस ना? यंदा कढई मी त्याला खरवडायला दिली होती. आपली पायरी आठवली.

ताई

*

६ मार्च

प्रिय ताई,

उत्तराला दहा दिवस लावले, माफ कर. जरा बरं नव्हतं.

ढब्बूचं वाचून काही सुचेना. खाटेचंच असणार. जुन्या तेलरंगांत शिसं असायचंच. रंगाचे पापुद्रे सुटतात, हाताला लागतात, हात तोंडात जातात. दात लावलेच पाहिजेत असं काही नाही. सूनबाईने मुद्दाम केलं नाही, पण आपल्या लेकराला काय देतोय हे आईने बघायला नको का? असो. खाट गेली ना बाहेर, आता आकडा उतरेल.

दूध, अंडी, पालेभाज्या दे. पोट रिकामं ठेवू नकोस. असं मी कुठेतरी वाचलं. गोड मात्र कमी दे.

तू आपली तब्येत सांभाळ. कानांची तपासणी केव्हा केली होतीस?

तुझी,
धाकटी

*

२८ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मी मुलाला वाचून दाखवलं. "बघ, मावशीलाही तेच वाटतं," म्हणाला आणि ते तसंच जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सूनबाईने वाचलं. त्यातलं 'आईने बघायला नको का' हे वाक्य तिने दोनदा वाचलं असावं, कारण घडी घातली तेव्हा बरोबर त्याच ओळीवर घातली.

दुसऱ्या दिवशी ती ढब्बूला घेऊन माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. माझ्याजवळ वाकून मोठ्याने म्हणाली, "आई, खाट माझ्या घरची असेल, पण त्याला तिथे बरं वाटतं का बघते." मी म्हटलं, "बघ." तिला अडवायला पाहिजे होतं. माझ्या मनातही खाटच होती.

घर इतकं शांत झालं आहे की मलासुद्धा ऐकू येतं.

पण चांगली बातमी सांगते. परवा रक्त तपासलं. आकडा बावीस! जेवायला लागला म्हणे. मला वाटलं, खाट गेल्याचा गुण. तुझा भाचा दर रविवारी भेटायला जातो. त्याच्याबरोबर मी दोन बरण्या पाठवल्या. तिथे त्याला आपल्या घरची चव कुठून मिळणार? ब्रेडवर लावून खातो, बोटं चाटतो, "आजीचा, आजीचा" म्हणतो. एवढा शब्द मात्र तो विसरलेला नाही.

ताई

*

६ एप्रिल

प्रिय ताई,

घाईत लिहिते आहे.

जाम सध्या पाठवू नकोस. साखरेने मुलांच्या पोटाला त्रास होतो, नवीन काहीतरी संशोधन आहे. त्याचं पोट आधीच नाजूक. तिथे पाठवलेल्या बरण्याही परत मागव. वाटलं तर मी इथून चांगला मध पाठवते.

ऐक माझं, ताई. का, ते मग सविस्तर लिहीन.

धाकटी

*

३ मे

प्रिय धाकटे,

तुझं 'सविस्तर' आलंच नाही. साखरेचं काय घेऊन बसलीस गं? वर्षातून एकदा होणारा जाम, त्याच्यावरही तुझं संशोधन! दिलेली बरणी परत मागू? काय सांगून मागू? मी उलट आणखी एक पाठवली.

इथे सगळं बिनसलं आहे. आकडा पुन्हा चढला. एकोणतीस. आणि तो सूनबाईच्या माहेरी असताना! डॉक्टरीणबाईंनी त्यांचं घर तपासायला माणसं पाठवली. काही सापडलं नाही. त्या चक्रावून गेल्या. तुझा भाचा काही चक्रावला नाही. त्याने भर अंगणात, तिच्या वडिलांसमोर, तिला विचारलं, "माझ्या पोराला तू काय घालतेस?"

त्याची आई असून सांगते, मला त्या वाक्याची लाज वाटली. पण मी तिथे नव्हते, नाहीतर कदाचित मीही तेच विचारलं असतं. तो म्हणतो, ढब्बूला इकडे घेऊन येणार आणि वकिलाला भेटणार. ती म्हणते, घेऊन जाऊन दाखव. पोर दोघांच्या मध्ये उभं राहून कान झाकतं म्हणे. माझ्यासारखं त्याचं नशीब नाही, त्याला सगळं ऐकू येतं.

तूच माझी एक आहेस जिच्याशी मनातलं बोलता येतं. काय करू, सांग.

ताई

*

७ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र आज दुपारी आलं. हे पोचायला चार दिवस लागतील, म्हणून आधी भाच्याला फोन केला. एवढंच सांगितलं: जाम बंद करा, दोन्ही घरांतल्या बरण्या काढून घ्या, कढईला हात लावू नका, बायकोला काही बोलू नकोस, का, ते तुझ्या आईच्या पत्रात येतंय. तो "मावशी, काय झालं?" विचारत होता. मी फोन ठेवला. तुझ्याआधी त्याला सांगणं बरोबर झालं नसतं.

ताई, तुझ्याकडे आहे ती आईची कढई नाही.

ती प्रेसची आहे. अण्णांनी एकाच दुकानातून बिडाच्या दोन कढया आणल्या होत्या, तुला आठवत असेल. एक आईला, एक खिळे वितळवायला. आईच्या शेवटच्या महिन्यात तू बाळंतपणानंतर उठू शकत नव्हतीस, मी एकटी होते. शेवटच्या दिवशी सकाळी तिला पुसायला पाणी गरम करायचं होतं. कढई चुलीवर ठेवली, पाणी ओतणार तेवढ्यात तिने हाक मारली. तिला कूस बदलून दिली, उशी सारखी केली, आणि कढई विसरले. परत आले तेव्हा ती लालबुंद झाली होती. घाबरून मी थंड पाण्याचा तांब्या ओतला. फटकन आवाज झाला आणि तळाला काठापासून काठापर्यंत चीर गेली.

आतून आई म्हणाली, "काय फुटलं गं?"

मी म्हटलं, "काही नाही, आई."

ती त्यानंतर माझ्याशी काही बोलली नाही. बोलायला उरलीच नाही. तिचा शेवटचा प्रश्न आणि माझं शेवटचं खोटं.

महिन्याभराने तू आलीस. घरातल्या सगळ्या वस्तूंतून तू फक्त कढई मागितलीस. दागिन्यांकडे बघितलंही नाहीस. मी म्हटलं, "घासून ठेवते, उद्या ने." मला सांगता आलं असतं. तू रडली असतीस, मग मला जवळ घेतलं असतंस. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी शेडमध्ये गेले. प्रेस बंद होऊन दोन वर्षं झाली होती, दुसरी कढई तिथे कोपऱ्यात होती. राखेने घासली, विटेच्या तुकड्याने घासली, आतून काळी कुळकुळीत दिसेपर्यंत घासली.

प्रेसमध्ये जन्मभर अक्षरं जुळवणारे जुळारीकाका तेव्हा उरलेल्या खिळ्यांच्या पेट्या आवरायला येत असत. त्यांचा उजवा हात मनगटातून लोंबायचा. आपण लहानपणी त्यांच्या पाठीमागे हात तसाच लोंबता ठेवून चालायचो आणि हसायचो. चाळीस वर्षं शिसं हाताळून तो हात तसा झाला होता, हे मला कालपरवा वाचून कळलं. ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ, ही स्वयंपाकघरात नेऊ नका हं. ही कितीही घासली तरी पोटात धरून ठेवते."

मी म्हटलं, "नाही काका, शोभेला."

म्हणजे मला सांगितलेलं होतं. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची प्रूफं तपासली, छापायला जाण्याआधी चूक पकडणं हेच माझं काम. ही चूक माझ्या हातात होती, कोणीतरी बोट ठेवून दाखवलेली होती, आणि मी ती तशीच छापायला सोडली.

तुला वाटत असेल, मग आताच का आठवलं. आता आठवलं नाही. तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचताना 'शिसं' या शब्दापाशीच मला कळलं. टोमॅटो आंबट असतो, आंबटाने धातू सुटतो. आईच्या पद्धतीने तू जाम शिजवून सकाळपर्यंत त्याच कढईत मुरत ठेवतेस. आणि खरवड. तू लिहिलंस की कढई त्याला खरवडायला दिली. ते वाचून मी दहा दिवस उत्तर लिहू शकले नाही, आणि लिहिलं ते काय लिहिलं! 'आईने बघायला नको का.' खाट सापडली याचा मला आनंद झाला होता, ताई. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून लिहून टाकते. वाटलं, खाट आहे ना, मग कढईचं कोणाला कळायची गरज नाही. मग साखरेचं निमित्त काढलं. दोन महिने मी तुझ्या नातवाला ते खाऊ दिलं. माझी लाज झाकायला.

तू विचारलंस, बरणी उघडलीस ना? मी तीस वर्षांत एकही बरणी उघडलेली नाही. त्या कढईतलं माझ्या घशाखाली उतरलंच नसतं. मी त्या वाटून टाकायचे. लोक खूश व्हायचे, मला बरं वाटायचं.

तुझ्या मुलानेही लहानपणापासून तेच खाल्लं. तूही. तुझे कान त्यानेच गेले असतील का? मला ते विचारायचा धीर होत नाही, तरी विचारते आहे.

सूनबाईला हे पत्र दे. संपूर्ण दे. माझ्याबद्दल काहीही ठरवलंस तरी चालेल, पण तिच्यावरचं आजच्या आज उतरव.

तुझी म्हणायचा हक्क नाही.

धाकटी

*

१९ जून

धाकटे,

चाळीस दिवस तुला उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहिलं. पहिल्यात शिव्या होत्या. सिस्टरनी ऐकल्या असत्या तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं. दुसरं आणि तिसरं फाडलं. चौथ्यात फक्त तारीख होती.

आधी पोराचं. आकडा अठरावर आला आहे. पोट दुखत नाही. रंग येतो आहे. शब्दांचं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही परत येतील, काही येणार नाहीत, कोणते ते शाळेत गेल्यावर कळेल. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ते तुझ्या वाट्याचं आहे आणि माझ्याही. आम्हा सगळ्यांची रक्तं तपासली. माझ्याही रक्तात आहे, मुलाच्याही. कानांचं त्या काही सांगू शकत नाहीत. आईलाही साठीला कमी ऐकू यायला लागलं होतं, तेव्हा तेवढं एक तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. बाकी पुष्कळ आहे.

यंत्रवाली माणसं परत आली. माळ्यावरून कढई काढली. जुन्या चादरीत गुंडाळलेली असायची, म्हणून पहिल्यांदा कोणी बघितलीच नव्हती. आतून यंत्र लावलं. त्या माणसाने आकडा बघितला, काच पुसली, परत लावलं. मग मला विचारलं, "आजी, यात काय करायचात?" मी म्हटलं, "जाम." त्याने कढई पुन्हा चादरीत गुंडाळली.

आता मी तुला सांगते ते ऐक. ती आईची नाही हे मला माहीत होतं.

आईच्या कढईचा एक कान मोडलेला होता. मी सातवीत असताना पायरीवरून पाडली होती, त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला होता. तू तेव्हा तापाने झोपली होतीस, तुला आठवणार नाही, आणि पुढे आई त्या कानाला कायम फडकं गुंडाळायची, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. तू मला दिलीस तिचे दोन्ही कान शाबूत होते. घरी नेऊन चादर सोडली आणि पहिल्याच दिवशी कळलं. वाटलं, या पोरीने आईची हरवली किंवा कोणाला देऊन टाकली आणि तशीच बाजारातून आणून दिली. म्हटलं, जाऊ दे. तिला एकटीला सगळं करावं लागलं, त्यात कढईवरून काय बोलायचं. मी मोठेपणा केला. तुला क्षमा केली आणि तुला सांगितलंही नाही. किती छान वाटायचं मला त्याचं! एकदा जरी विचारलं असतं, "ही कुठली गं?", तर तू रडून सांगितलं असतंस.

आणि एक. त्या कढईतला जाम आईच्या जामपेक्षा गोड व्हायचा. साखर तेवढीच. मला वाटायचं, माझ्या हाताला आईपेक्षा जास्त चव आहे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, शिसं गोड लागतं. तीस वर्षं मी त्याचं कौतुक ऐकून घेत होते.

सूनबाईला तुझं पत्र त्याच दिवशी दिलं, सगळं. तिने उभ्यानेच वाचलं. मुलाने तिच्यासमोर येऊन काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. तिने उत्तर दिलं ते मात्र ओठांवरून कळलं: "आत्ता नको." ती अजून माहेरीच आहे. रविवारी मलाही येऊ देते. खाटेवरून मी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं होतं, त्याबद्दल तिने विचारलं, "आई, तेव्हा का गप्प बसलात?"

आता कोणाला काय द्यायचं ते लिहिते, तसंच कर.

प्रेसची कढई आरोग्य खात्याने नेली. भंगारात जाणार नाही असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं, नाहीतर ती दुसऱ्या कोणाच्या चुलीवर गेली असती. उरलेल्या अकरा बरण्याही त्यांच्याकडेच. अण्णांच्या खिळ्यांचा डबा तुझ्याकडे आहे, तो तुझ्या गावातल्या आरोग्य खात्याच्या माणसाकडे दे. ढब्बूला नको. आठवण म्हणून एकही खिळा ठेवून घेऊ नकोस, मी तुला ओळखते.

बरण्या कोणाकोणाला वाटल्यास ते आठव आणि प्रत्येकीच्या दाराशी स्वतः जा. तुझ्या पत्रांतून मला तीन घरं ठाऊक आहेत. खालची शिंपीणबाई आणि तिच्या दोन मुली. तपासणीची चिठ्ठी तिघींच्या नावाने वेगवेगळी दे. वाचनालयातली, जिला मागच्या वर्षी दोन बरण्या दिल्याचं तू लिहिलं होतंस, तिला दिवस गेले आहेत ना? आधी तिच्याकडे जा. हे पत्र बाजूला ठेव आणि जा. गाण्याच्या बाईंना एकट्यांना घाबरवू नकोस, त्यांच्या मुलासमोर सांग. सगळ्यांना खरं सांग. साखरेचं वगैरे नाही.

जुळारीकाकांच्या घरी कोणी असेल तर शोध. त्यांच्या मुलीला सांग, की ते बरोबर होते आणि आपण ऐकलं नाही. आपण हसलो तेही सांग.

आईची फुटलेली कढई तू टाकली नाहीस, हे तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. तुझ्या माळ्यावर असेल, तीही चादरीत. ती मला हवी. मोडक्या कानाची, चिरलेली, तशीच. पार्सलने पाठवू नकोस, घेऊन ये. शनिवारच्या सकाळच्या गाडीने ये, मुलगा स्टेशनवर उभा राहील. त्याच्याशी काही बोलली नाहीस तरी चालेल.

रविवारी आपण दोघी सूनबाईकडे जायचं. ती म्हणते, पत्र पुरे नाही, मावशींनी माझ्यासमोर बसून सांगावं. ते बरोबर आहे. तेव्हा कढई माझ्या हातात दे आणि माफी तिची माग. माझ्याकडे मागत बसू नकोस, त्या दारात माझा नंबर तुझ्याआधी आहे.

ताई